कुंभारी ते वळसंग

पुस्तकात बैलगाडी होती.
पिक्चरमध्ये ट्रक झाला, कारण बैल ऐकेनात,
आणि ट्रक होता आमच्या नान्नाचा.
म्हणजे मालक चिलवेरी शेट, नान्ना नुसता चालवायचा,
पण सहा दिवस अख्खा पूर्व भाग
"राजेशमचा ट्रक" असंच म्हणाला.

कादंबरी सहाशे बारा पानांची.
तिच्यातला एक धडा होता आम्हाला,
नदीत बैल बुजतो तो.
मेलेल्या मित्राचं घड्याळ त्याच्या बहिणीला द्यायला
एकजण वऱ्हाडातून समुद्राकडे निघतो,
वाटेत भेटते पळून आलेली आचारीण, एक बहिरा सनईवाला.
चार महिने. अकरा नद्या.

कंपनीकडे सहा दिवस होते.
म्हणून वऱ्हाड कुंभारीत,
खानदेश तिथून दोन फर्लांगावर,
आणि घाट वळसंगच्या अलीकडे
सपाट रस्त्यावर, कॅमेरा तिरका धरून.
एकच बाभूळ पाच वेळा आली.
एकदा तिला झोळी बांधली, एकदा शेंदूर फासला,
एकदा पलीकडून घेतली, तशीच.
नान्ना जायचा, वळवायचा, यायचा.
"आज तीन जिल्हे झाले की," अम्माला सांगायचा,
"वाढ आता."

हिरोला ट्रक येत नव्हता.
क्लच दाबला की डोळे मिटायचा.
मग त्याचा चेहरा उभ्या ट्रकमध्ये घेतला,
मागून चार पोरं फळी हलवतायत,
आणि हात घेतले नान्नाचे.
त्यासाठी शर्टाच्या नुसत्या बाह्या शिवल्या होत्या.
बाकी अंगावर बनियन.

टॉकीजमध्ये मी नऊ वर्षांची, अम्माच्या मांडीवर अर्धी.
पडद्यावर अक्षरं आली, खानदेश,
आणि मागून कुणीतरी ओरडलं,
"अरे, यल्लप्पाची टपरी!"
मग प्रत्येक गावाला हेच. लोक गावं ओळखत गेले,
गोष्ट बाजूलाच राहिली.
शेवटी समुद्र आला. हिप्परग्याचा तलाव,
लाटांचा आवाज मागाहून घातलेला.
बहीण घड्याळ कानाला लावते, सनई वाजते,
आणि नान्ना शेजारच्याला म्हणतो,
"समुद्राला काय एवढं शेवाळ असतं का ओ."

नान्नाच्या उजव्या अंगठ्यावर धोट्याची खूण होती,
मागावर होता तेव्हाची.
हिरो गिअर टाकतो तेव्हा ती आहे,
लगेच चहाचा ग्लास उचलतो तेव्हा नाही.
हे मला कळलं, अम्माला कळलं.
पेपरवाल्याला कळलं नाही;
त्यानं हिरोच्या अभिनयाला दोन ओळी दिल्या.

पुस्तक मी पुढं वाचलं,
पहिल्या बाळंतपणात, दुपारी पोर निजलं की.
पुस्तकात समुद्र येतच नाही.
घड्याळ आचारीण घेऊन जाते, कुठं ते लिहिलेलं नाही,
आणि हा नवव्या नदीपाशी बसून राहतो.
गाडीवान आहे. साडेतीनशे पानं गाडी हाकतो,
एकदाच बोलतो, "बैलांना पाणी दावतो."
त्याला नाव नाही.
पिक्चरवाल्यांनी तर त्याला काढूनच टाकला,
हिरोच चालवतो म्हणाले, सोपं पडतं.

मी समासात पेन्सिलीनं नाव लिहिलं.
वाचनालयाच्या भोसगे बाईंनी दोन रुपये दंड घेतला
आणि खोडरबर पुढं केलं.
मी खोडलं. त्या बघत होत्या ना.
कागद जुना, ठसा राहतोच थोडा.

त्या ट्रकचा तिसरा गिअर अडायचा.
टाकण्याआधी नान्ना दांड्यावर दोन बोटं आपटायचा,
घरातल्या माणसाचं दार वाजवावं तसं.
ते राहिलंय पिक्चरमध्ये.
कधीतरी भर दुपारी टीव्हीवर लागतो,
मध्ये साबणाच्या जाहिराती.
अम्मा खाली बघून कडक भाकरी मोडत असते,
शेंगाचटणी बोटाला, दही बाजूला.
त्या बोटांना आवाज नाही, वरून गाणं चालू असतं.
तरी नेमकी तेव्हाच
अम्मा मान वर करते.