चांदणीची नोट

मथुराबाई गायधनी नोव्हेंबरात परत आल्या,
बिटको चौकातून पायी, दुपारी दोनला.
पिशवीत पासबुक, पासबुकात घडी घातलेली पावती.
म्हणाल्या, सर, आपल्याकडून एक राहिलंय.

आपल्याकडून.
विवरणपत्र मी भरलेलं,
जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, साइट गचके खात असताना,
ओटीपी नातवाच्या मोबाइलवर आणि नातू क्लासला.

पळशाच्या पतसंस्थेचं व्याज :
एक हजार तीनशे बारा.

मी म्हटलं, बाई, हे कुठेच दिसत नाही.
खात्याच्या यादीत नाही, बँकेच्या दाखल्यात नाही,
एवढ्याशा रकमेला कोण हाक मारतंय.
त्यांनी पदराने चष्मा पुसला.
मला दिसलं ना, म्हणाल्या.

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये, तपासणीला.
ताव उजेडाला धरायचा, रेघ हलली का बघायची,
शाई फुटली का, आकडा पुसट आला का.
बोटांखालून रोज किती लाख गेले त्याचा हिशोब नाही,
सुटीच्या भोंग्यानंतर मात्र गेटवर झडती,
डब्यातली उरलेली चटणीसुद्धा उघडून दाखवायची.
चुकलेली नोट बाजूला निघायची.
तिच्या जागी दुसरी,
नंबरात बारीक चांदणी असलेली.
चांदणीची लाज नसते, सर,
शंभराचं बंडल शंभर भरलं पाहिजे.

मी 'सुधारित'वर टिचकी मारली.
जुना पोच क्रमांक, जुनी तारीख,
बाराशे नाही, बाई, तेराशे बारा ना?
तेराशे बारा.
कर वाढला दोनशे सत्तर.
त्यांनी अंगठा ओला करून मोजले,
प्रत्येक नोट किंचित तिरकी धरून.
सवय.

उठता उठता विचारलं,
पगारातून व्यवसाय कर कापायचे,
महिन्याला दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे.
सगळ्यात आखूड महिना, त्यालाच शंभर जास्त.
का हो?
मी म्हटलं, वर्षाचे अडीच हजार,
बाराने सरळ भागत नाहीत,
उरलेले कुठेतरी टाकावे लागतात.
हं, म्हणाल्या. फेब्रुवारीच बरा सापडला.
आणि जिना उतरल्या, एकेक पायरी, कठडा धरून.

दारावर माझी पाटी आहे. कर सल्लागार.
खाली सलूनवाल्या वाघचौरेला मीच दम दिला होता,
व्यवसाय कर भर, राज्याचा आहे म्हणून हलका समजू नकोस.
समोरच्या डॉक्टरीणबाईंचा मी भरतो,
जेल रोडच्या तिघा कंत्राटदारांचा भरतो,
माझा स्वतःचा
चार वर्षं भरलेला नाही.
पैसे नव्हते असं नाही.
पहिल्या वर्षी विसरलो,
दुसऱ्या वर्षी पहिलं वर्ष आठवलं,
मग त्या पानाकडे जाणंच सोडलं.
कोणी हाक मारली नाही.

सहाला पोराला घरी पाठवलं.
नोंदणी क्रमांक जुन्या डायरीत सापडला,
शाई पसरलेली, शेवटचा आकडा तीन की आठ कळेना.
आधी आठ टाकला. चूक.
तीन.
चार वर्षांचे दहा हजार, वर व्याज,
व्याज महिन्यामहिन्याने मोजताना
मला पहिल्यांदाच माझं गिऱ्हाईक व्हावं लागलं,
आणि हा सल्लागार काही फारसा बोलला नाही.

चलन छापलं. प्रिंटरने डाव्या कडेला नेहमीचा काळा पट्टा ओढला.
कोण जाणे का, मी ते उचलून
ट्यूबलाइटसमोर धरलं, बाई धरतात तसं.
आत काही नव्हतं.
कागदाचे रेषे, एक उलटा दिसणारा आकडा,
आणि मागे लपलपणारी ट्यूब,
तीही दिवाळीपासून बदलायची राहिलीय.