बारा दिवसांचा तास

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, पहाटे चार वाजता,
सगळा फिनलंड घड्याळाचा काटा मागे घेतो.
चाराचे तीन होतात,
आणि लोक कूस बदलून म्हणतात,
बरं झालं, तासभर झोप मिळाली.

गेल्या वर्षी आमच्या घरात तो तास
टेबलाखाली बसून होता,
मनगटावर स्वतःच्याच दातांचे वळ घेऊन.
तैमीच्या पोटात वाजले होते पाच,
भिंतीवर चार,
लापशीनं कुणाचं ऐकायचं?
"घड्याळ खोटं बोललं," एवढंच ती म्हणाली.
नऊ दिवस एवढंच.

मी इस्पितळात रात्रपाळी करतो.
सलाइन थेंबाथेंबानं सोडायचं असतं
हे माझ्या हातांना झोपेतही कळतं.
घरी मात्र मी अख्खी बाटली उपडी केली होती.

यंदा बारा दिवस आधीच
स्वयंपाकघरातलं पिवळं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं.
रोज संध्याकाळी, लापशीची वाटी विसळून झाली की
तैमीनं स्वतःच्या बोटानं
काटा पाच मिनिटं मागे न्यायचा.
पाचच. सहा नाही.
मग जोरात श्वास सोडायचा, घोड्यासारखा.
हा नियम तिचा.

पहिल्या दिवशी आमचा देश
देशापेक्षा पाच मिनिटं मागे होता.
मग दहा. मग पंधरा.
दोन नागरिक, एक घड्याळ,
सरहद्द म्हणजे दारातलं पायपुसणं.
शाळेची बस मोठ्या देशाची, ती निघून जायची.
आम्ही नदीकाठानं चालत जायचो,
दहिवरानं कडक झालेल्या प्रत्येक पानावर पाय देत,
आणि उशिरा निघाल्यामुळे
वाटेत उजेड भेटायचा.
हेलवीबाई हजेरीत लिहायच्या: वेळेवर.
कुणाच्या वेळेवर, त्याला रकाना नव्हता.

सहाव्या दिवशी माझी बहीण राइया आली.
वाटी विसळून झाली होती, काटा फिरून झाला होता.
बिचारीनं घड्याळ पाहिलं,
अर्धा तास मागे पडलंय म्हणून
प्रेमानं बरोबर करून ठेवलं.

त्यानंतरचं मी लिहीत नाही.
राइया जिन्यात रडत बसली, एक बूट पायात, एक हातात.
मी टेबलाशेजारी जमिनीवर आडवा,
न बोलता, न शिवता,
नुसता तिथे.
फ्रिज दोनदा गुरगुरून गप्प झाला.
मग टेबलाखालून आवाज आला:
"तीस."
मी घड्याळ जमिनीवरून सरकवलं.
तिनं काटा मागे नेला,
आणि माझ्याकडे न बघता
घोड्यासारखा श्वास सोडला. सहा वेळा.

पुढच्या रविवारी पहाटे मी कामावर होतो.
नोंदवहीत तीन वीस दोनदा लिहिलं.
तीन वीस: खाट सात, ताप उतरतोय.
तीन वीस: खाट सात, शांत झोप.
मधल्या तासाचं तिथे काहीच दिसत नव्हतं.
घरी राइया सोबतीला होती,
हात खिशात घालून वावरणारी.
त्या रात्री सगळा देश एका उडीत मागे आला.
आम्ही चालत आलो होतो,
आदल्या संध्याकाळीच पोचून
डबा उघडून बसलो होतो.

सकाळी घरी आलो, तर
तैमी शेगडीसमोर उकिडवी.
शेगडीवरचे हिरवे आकडे बदलायचे
माझ्या साफ लक्षातून गेलेले,
ते अजून तासभर पुढेच.
"ह्याला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.
मी चटकन बटणाकडे हात नेला.
तिनं माझं मनगट धरलं.
हलकेच नाही, घट्ट.
"आज पाच," ती म्हणाली.