एका शब्दाचं भाषांतर

खानापूर कोर्टामागं, झेरॉक्सच्या दुकानात
मी कानडी आदेश मराठीत करते, पानाला चाळीस रुपये.

भरमाणी गुरवाचा कागद एका ओळीचा:
अर्जी तिरस्करिसलागिदे.
गिरणीला परवाना नाही. का, तेही नाही.
खाली सही, पीळ दिलेल्या मिशीसारखी.

कानडीत त्याचा अर्थ नुसता 'नामंजूर'.
पण भरमाणीला थोडी अक्षरं लागतात.
"तिरस्कार कशापायी, बाई?
मी आवाज पण चढवलो न्हाई की."

चंदगडला त्याच्या बहिणीला शुद्ध मराठीत आलं होतं:
विनंती अमान्य. कारणाची जागा तिथंही कोरी.

वकीलसाहेब म्हणाले, फ्रान्सात याला वेगळं कोर्ट,
विलायतेत नेहमीचंच;
प्रश्न सगळीकडं एकाच अक्षराचा.

धारवाडच्या खंडपीठानं गिरण दिली नाही.
विवेकाधिकार, सकारण आदेश, फेरविचार, असं बरंच लिहिलं;
मी भरमाणीला सांगितलं,
पीठ कसं पडलं ते कोर्ट बघत नाही,
जात्यात दाणा तरी होता का, एवढंच बघतं.
कागद परत त्याच टेबलावर, त्याच मिशीपुढं.

सात महिन्यांनी दीड पान आलं.
शेवटी तोच शब्द.
आधी तीन कारणं: ट्रान्सफॉर्मरवरचा भार, शेजाऱ्याची हरकत,
शाळा पन्नास मीटरच्या आत.

भरमाणीनं तिसरं दोनदा वाचून घेतलं.
मग चेहरा घासाघीस करणाऱ्या माणसाचा झाला.
"शाळा पन्नासात? दोरी घिऊन येतो, थांबा,"
म्हणाला, आणि उन्हात चालता झाला.
साठ रुपये द्यायचे राहिले.