बिस्किटांचा डबा

इडवाल प्रॉसर गेला, हे मला पेपरातून कळलं.
चार ओळी, एक जुना फोटो,
आणि वय चुकलेलं, दोन वर्षांनी कमी.
तो असता तर म्हणाला असता, राहू द्या,
तेवढीच वसुली.

मी त्याच्या फिती कापायचो.
कार्डिफच्या स्टुडिओत, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकी नसलेल्या खोलीत,
तिरक्या खाचेत टेप दाबून, दाढीच्या ब्लेडने.
अर्ध्या तासाचा कार्यक्रम,
आणि भरायचा नेहमी जास्तच.

गडी लानेल्हीचा. बाप पत्र्याच्या गिरणीत,
यंत्रांनी कान खाल्लेला.
त्याला हसवायचं म्हणून पोरगा तोंडं वेडीवाकडी करायला शिकला,
आणि नशीब बघा,
नोकरी लागली रेडिओत.

तिथे त्याने सात आवाज काढले.
पोस्टातली मिसेस बेब, नाकात बोलणारा पाद्री,
एक बकरी, जिला सगळ्यांत जास्त पत्रं यायची.
मिसेस बेबचं वाक्य तर गोदीतले हमालसुद्धा
एकमेकांच्या तोंडावर मारायचे:
“दार उघडंच आहे हो,
पण तुम्ही बाहेरच बरे दिसता.”

इडवालचा हशा दोनदा पिकायचा.
एकदा अख्ख्या सभागृहाचा,
आणि तो ओसरला की मागच्या रांगेतून
एकटीचा.
नेस्टाचा. त्याच्या बायकोचा.
ती डोंगराकडची, वेल्शमध्ये वाढलेली.
इंग्रजी विनोद तिच्या दारी यायचा,
पायपुसण्यावर बूट पुसायचा,
मग आत.
मग ती हसायची, आणि शेवटी एक उचकी.

तो तिच्यासाठी थांबायचा.
पुढचं वाक्य ओठांशी धरून,
चहा निवेपर्यंत बशी धरावी तसा.
समीक्षकांनी लिहिलं, काय हे टायमिंग!
लंडनहून एक पोरगा आला, स्टॉपवॉच घेऊन, शिकायला.
इडवालने त्याला पोटभर जेवू घातलं
आणि काही सांगितलं नाही.

मग टीव्ही आला.
लोकांनी मिसेस बेबला बघितलं,
तर ती निघाली एक हडकुळा, टकला माणूस.
तोंडं करता येत होती की त्याला,
पण ती बहिऱ्या बापाच्या मापाची.
कॅमेरा म्हणाला, जरा कमी.
बकरीचं काम खऱ्या बकरीला दिलं.
तिने पहिल्याच भागात पाद्र्याची टोपी खाल्ली,
आणि पत्रं पुन्हा तिलाच आली.
दोन वर्षांनी तो जिना चढून आमच्याकडे परत.

त्याच हिवाळ्यात नेस्टा गेली.
तिसऱ्या शुक्रवारी हा कामावर.
विनोद झाला की थांबायचा, पूर्वीसारखाच.
सभागृह गप्प, हा गप्प.
मागच्या रांगेकडे बघायचा नाही, एवढंच.
निर्माता म्हणाला, ही भोकं काढ.
मी काढली. दर आठवड्याला वीत, दीड वीत.
टाकवली नाहीत.
बिस्किटांच्या डब्यात ठेवत गेलो.

पुढे सर्दीच्या गोळ्यांची जाहिरात.
नाताळच्या बालनाट्यात बकरीचे मागचे पाय.
पुढे तेही नाही.

शेवटचा भेटलो वृद्धाश्रमात.
गुडघ्यांवर घोंगडी, मिशीला अंड्याचा बलक.
मी कबूल केलं: डब्याचं.
किती भरतं सगळं मिळून?
अकरा मिनिटं, म्हटलं. आणू का मशीन? वाजवू?
नको, म्हणाला.
लोक हसतील.

आणि थांबला.
मीही थांबलो.
शेजारच्या पलंगावरची बाई आमच्याकडे बघत होती,
दोघांनाही वेड लागलं असावं अशी.

काल मी ते तुकडे जोडले.
वाटलं होतं, आत काही नसेल.
पण खुर्ची करकरते, कुणी खोकतं,
त्याचा श्वास येतो, अडतो.
नवव्या तुकड्यात कुणाचीतरी छत्री पडते, धाडकन.
तिथे मला हसू आलं.
जरा उशिराच.