चिंधी

निवडणूक लागली की आमच्याकडे सतरंजी अंथरली जाते.
बंदूक गिट्टीखदान ठाण्यात जमा करायची.
तिथला शिपाई नळीत डोकावत नाही,
तरी मळकी नेलेली बाबांना खपत नाही.

कुलरसमोर बसतो आम्ही. तीनशे पंधरा बोअर.
बोल्ट आता मी काढते.
त्यांच्या बोटांना कंप आहे, बोल्टला नाही.
पितळी गज, शिलाई मशीनचं तेल,
टोकाला फलालीनची चिंधी,
माझ्याच झबल्याची, कापून कापून पुरवलेली.
गज मागून घालायचा, तोंडाकडून नाही:
"काठ झिजला का नेम गेला, समज."
नेम कशावर, हे मी विचारत नाही.

बहात्तर साली शिकार बंद झाली.
तेव्हापासून ह्या नळीतून फक्त गज गेलाय.
चिंधी पांढरी जाते,
वर्षभराचं तेल पिऊन पिवळट परत येते.

यंदा काळी आली.

दुसरी घातली. तीही.
नाकाशी नेली, तर
लक्ष्मीपूजनानंतरच्या सकाळचं अंगण.
बाबा कुलरच्या पाण्याकडे बघत होते.
डबा उघडून काडतुसं मोजली.
वहीत एकोणीस. डब्यात अठरा.
"मोजाले चुकली असशीन," ते म्हणाले,
"गणितात कच्चीच होती तू."

मागच्या मंगळवारी फागू मडावीची माती होती,
पवनीकडे, जंगलाला लागून.
पन्नास वर्षं तो बाबांच्या चार पावलं पुढे चालला.
त्यातली चार जनावरामागे,
बाकीची नुसतीच.
रात्री उशिरा परतले बाबा. लांब पिशवी पलंगाखाली सारली.
खांद्याला बाम लावून दे, म्हणाले.
उजव्या.
मी लावला. दिवा मालवला.

तिसरी चिंधी राखाडी.
चौथी तशीच. सहाव्या चिंधीवर
फक्त एक रेघ, पेन्सिलीची वाटावी अशी.
नळी खिडकीकडे धरली:
पिळे लख्ख, आणि टोकाला
मुगाएवढं आभाळ.

काळ्या चिंध्या कचऱ्यात टाकायला उचलल्या,
तर म्हणाले, राहू दे त्या.
घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या,
चष्म्याच्या मागे.

रिक्षात बंदूक आमच्या दोघांच्या मधे, उभी.
मुन्शी विचारेल, काडतुसं किती, बिसेनजी?
मी मनात उत्तरं लावून बघत होते,
एकही धड बसत नव्हतं.
ठाण्याच्या वळणावर बाबा बोलले,
माझ्याशी नाही, रिक्षावाल्याच्या पाठीशी:
"हवेतच होती.
सागाचे दोन पानं पडले,
बस."