वाऱ्याची मूठ

इनास लिस्बनच्या बोटीवर भटारी होता.
परतला तेव्हा पेटीत पैसे नव्हते,
बिस्किटांचा रिकामा डबा होता,
डब्यावर पवनचक्कीचं चित्र.
बाबुसो मेस्ताने तो उलटासुलटा पाहिला
आणि फणसाचं लाकूड मागितलं.

शिडं जुन्या फतेमारीची. खारट.
पहिल्या वर्षी नाचणीला समुद्राची चव आली,
असं मावशी सांगते. तिने ती खाल्लेली नाही.

कुडवामागे एक मूठ ठेवून घ्यायचा इनास.
माझी नव्हे, म्हणायचा, वाऱ्याची.
लोक हसत.
वाऱ्याचा पंजा मात्र चांगलाच रुंद होता.

तो गेल्यावर टेकडी चढली पिश्कुलीन,
काळ्या कपड्यांत, कमरेला काथ्याची दोरी.
जूनच्या आत शिडं उतरवायची,
नाहीतर वारा गिरणीलाच दळतो.
तिने ती मूठ खरोखर उधळली,
दाराबाहेर, रोज, बारा वर्षं.
चिमण्या लठ्ठ झाल्या. पाद्री रागावला.

मग खाली शांबा गावकराचं डिझेलचं यंत्र आलं.
टुकटुक टुकटुक, वारा असो नसो.
पंखांचा मानशीवर साकव झाला.
त्यावरून पिश्कुलीन एकदाही गेली नाही,
लांबून बांधाने जायची, चिखलातून.

जात्याची तळी आमच्या विहिरीपाशी पडलीय.
तिच्यावर आम्ही कपडे आपटतो,
टाकीच्या खाचांतून फेस कडेला जातो
पीठ जायचं तसा.

आई भाकरीला बसली की
एक मूठ पीठ बाजूला काढते.
कुणाला, विचारलं तर म्हणते,
खिडकी लाव आधी,
उडतंय.