दोन दोऱ्यांचं गिलकं

वसुबारसेपासूनच कॉलनी रिकामी होत गेली.
निकुंभ शिंदखेड्याला, सोनवणे चोपड्याला,
वरच्या मजल्यावरचे बँकवाले थेट कोल्हापूरला.
जाताना प्रत्येकाने किल्ली माझ्याकडे दिली,
"तुम्ही आहातच ना, मॅडम."
आहेच.
खिळ्याला पाच किल्ल्या, पाच तुळशींना पाणी,
संध्याकाळी पाच उंबऱ्यांवर एकेक पणती,
माझ्या दाराशी सहावी, तेल उरलं तर.

पुण्याहून लेकीचा खोका आला.
आत कसल्याशा जांभळ्या फुलांचा साबण,
काचेच्या बाटलीत बदामाचं तेल,
आणि कार्ड: आई, स्वतःची काळजी घे.
दोनदा वाचलं ते वाक्य.
जशी मी कुणा दुसऱ्याची कुंडी,
गावाला जाताना
माझ्याचकडे सोपवून गेलेली.

धनतेरसला पोस्टाचं शटर ओढत होते,
तर पायरीवर भाजी विकणाऱ्या कौतिकबाईने हाक मारली.
टोपलीच्या तळातून काढलं एक वाळलेलं गिलकं,
साल उतरवलेलं, नुसती जाळी, वजनच नाही,
दोन्ही टोकांना सुतळीचे फास.
आणि वहीच्या कागदात पुडी:
मसूर, आंबेहळद, संत्र्याची साल, कडुनिंब,
पाट्यावर वाटलेलं, चाळायचा कंटाळा केलेला.
"कुंपनवर वाळी गयं व्हतं. घ्या."
पैसे काढले तर अंगावर आली.
मग सुतळी ताणून दाखवत, हळूच:
"एकला माणूसना हात पाठले पुरस नही, बाई.
दोन दोऱ्या लागतस."

हिला कुणी सांगितलं?
दोन फऱ्यांच्या मधे
तळहाताएवढी एक जागा आहे माझ्या पाठीवर.
अकरा वर्षं तिथे काही पोचलेलं नाही.
पाणी वरून वाहून जातं, तेवढंच.
बाकीची मी व्यवस्थित आहे.
केस रंगवते, गुडघ्यांना तेल लावते,
रजिस्टरच्या ओळी सरळ ओढते.

चतुर्दशीला पहाटे साडेचारला
बादलीत हीटरची कांडी सोडली.
रुळांपलीकडे कुणाचा तरी पहिला फटाका,
मग सुरतेची गाडी, मग बोरी नदीकडून कुत्री.
लेकीचं तेल, कौतिकबाईचं उटणं.
उजवा हात वर, डावा कमरेशी,
ताक घुसळावं तशी ओढाताण.
आधी टोचलं,
संत्र्याची साल तर चांगलीच रुतली,
आणि मग माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला
की मीच दचकून दाराची कडी पाहिली.
जाळीतून काळ्या बिया निसटल्या, मोरीकडे धावल्या.
ओल्या अंगाने वाकून पकडल्या.
चार होत्या, तीन सापडल्या.

दुपारी फराळाचा डबा घेऊन
फाटकापलीकडे गेले.
पोरगा उधन्याला मागावर आहे तिचा,
सुटी लागली तसा सासुरवाडीला गेला.
"न्हालात का सकाळी?"
"वती लिधं दोन तांबे."
खुंटीवर आणखी तीन गिलकी, सुतळ्या बांधलेली,
ठणठणीत कोरडी.
"आणि ही कुणासाठी?"
बोट मोडत तिने नावं सांगितली:
फाटकवाला, दवाखान्यातली नवी नर्स,
आणि एक मास्तर, ज्याचं नाव तिलाही माहीत नाही.
"तुमचं?"
उजवा हात उचलून दाखवला तिने.
कानापर्यंत आला आणि थांबला.
कापूस वेचून वेचून खांदा धरलाय, दोन वर्षं झाली.

बदामाची बाटली पिशवीत होती,
कशी आली, विचारू नका, मीच ठेवली असेल.
चुलीवर पाणी चढवलं.
ती नको नको म्हणत पाटावर बसली,
माझ्याकडे पाठ करून, पदर तोंडात धरून,
तोच पदर सोडून मिरचीचा भाव सांगत.
पाठ केवढीशी होती.
मी हात ठेवला.
"इथे?"
"जराशी खाले."
"इथे?"
बोलायची थांबली.
"हां," म्हणाली. "आठेच."